मनाचा पेपर

एप्रिल लागला की आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या मुलींना माझी आठवण येते. वर्षभर त्या रस्त्यात दिसल्या तरी मोबाईलमध्ये मान घालून पुढे निघून जातात. एप्रिलात मात्र ओट्यावरूनच "मॅडम, घरी आहात का?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता चपला काढतात. यंदा तिघी आल्या आहेत. तिघींची पुस्तकं नवी कोरी दिसतात, कारण ती उघडलेलीच नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात पास करून देणं हे माझ्या हातचं काम आहे, आणि ते मी सांगायला लाजत नाही.

"काय काय येत नाही?" मी विचारलं.

"सगळंच," रूपाली म्हणाली. तिघींमधली ही जरा धीट.

"मग सोपं आहे. अर्धवट येत असलं की मला त्रास होतो."

मग आम्ही पहिल्या पानापासून लागतो. मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास. पूर्वी याला आत्म्याचा अभ्यास म्हणत, नंतर मनाचा म्हणू लागले, नंतर जाणिवेचा, आणि मग वर्तनाचा. मुली हे भराभर लिहून घेतात आणि पुढच्या धड्याकडे पळायला बघतात. मी पळू देत नाही. पहिले चार धडे पक्के झाले की बाकीचं पुस्तक आपोआप हाताशी येतं, असं माझं ठाम मत आहे. आणि हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेलं नाही. ते याच ओट्याच्या आतल्या खोलीत, एका उन्हाळ्यात तयार झालं.

मी मूळची पहूरची. बारावी झाली आणि लग्न होऊन धरणगावला आले. एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण बोली वेगळी. आमच्या पहूरकडे 'माह्यं, तुह्यं' म्हणतात. इकडे सासरी अहिराणी. आमचं 'आहे' इथे 'शे' होतं आणि 'सगळं' 'बठ्ठं' होतं. पहिलं वर्षभर मी सासूबाईंचं बोलणं ऐकून आधी मनात आमच्या बोलीत फिरवायचे आणि मग उत्तर द्यायचे. सासूबाईंना घरात, गल्लीत, सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. उंच, काटक बाई. बोलणं थोडं, पण जे बोलतील ते चुलीपासून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. आज गुडघे धरलेत, पण आवाज शाबूत आहे. मुली ओट्यावर बसल्या की आतून पहिला प्रश्न त्यांचाच येतो, "कोनी पोरी शेतस?"

लग्नानंतर काही वर्षांनी, लेक बालवाडीत जायला लागली तेव्हा, मी अमळनेरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. संजयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, विरोध नव्हता. विरोध करायला आधी लक्ष द्यावं लागतं, आणि त्याचं सगळं लक्ष कपाशीकडे असायचं. अक्का म्हणाल्या होत्या, करून पाहा. मी करून पाहिलं, आणि मानसशास्त्रात नापास झाले. बाकीचे विषय निघाले आणि नेमका तो राहिला. तो निघाल्याशिवाय पुढच्या वर्षाला प्रवेश नव्हता. या वेळी राहिला तर पुस्तकं गुंडाळून ठेवायची, असं घरात बसून ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत मीही होते. त्यामुळे त्या एप्रिलात माझ्यापुढे एकच गोष्ट होती, हा पेपर.

नापास का झाले, तेही सांगते, कारण दरवर्षी निम्म्या मुली तिथेच पाय घसरून पडतात. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं मी लिहून आले होते. नावात ऋण आहे म्हणजे वाईटच असणार, असा माझा हिशेब. तो संपूर्ण प्रश्न गेला, आणि त्याच्या आधारावर लिहिलेला दुसराही गेला. नंतर अंगण झाडताना एका सकाळी ते माझं मलाच कळलं. अक्कांनी कटकट सुरू करायच्या आत मी अंगण झाडून घेते, कारण झाडलं की कटकट होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर झाडते. नकोशी गोष्ट टळली आणि काम वाढलं, हे ऋण प्रबलन. झाडायचं राहिलं आणि चार माणसांत बोलणी बसली, ती शिक्षा. मी खराटा हातात धरून तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं मी जे रोज करत होते त्याला नाव आहे, याचा मला फार आनंद झाला.

त्यानंतर घरच माझं पुस्तक झालं. अवधानाचा धडा मी स्वयंपाकघरात पाठ केला. एका शेगडीवर दूध, दुसरीवर भाजी, कान बाहेर पाणीवाल्याच्या हाकेकडे, आणि दूध उतू जाणार हे बरोबर त्या क्षणी कळतं, ते कसं? बोधनाचा धडा दुपारी, छताच्या पत्र्यावर कबुतरं चालत तेव्हा. आवाज एकच, पण अक्कांना तो चोराचा वाटे आणि मला कबुतरांचा. विस्मरणाचा धडा तर मी स्वतःवरच तपासला. अहिराणी शिकता शिकता पहूरचे शब्द मागे पडत होते. माहेरी फोन केला की आई म्हणायची, "तू आता तिकडचंच बोलून राह्यली व माय." नवं शिकलेलं जुन्याच्या वाटेत येतं, हे विस्मरणाचं एक कारण पुस्तकात दिलं आहे. मला ते पाठ करावं लागलं नाही, फक्त वाईट वाटलं.

मी मोठ्याने वाचून पाठ करणारी. डोळ्यांनी वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, कानांनी ऐकलेलं राहतं. म्हणून आतल्या खोलीत दार लोटून मी येरझाऱ्या घालत घोकायचे. "मनाचे स्वरूप. मनाचा अभ्यास. मनाचे व्यापार. मनाला पाहता येत नाही, मनाला मोजता येत नाही." एक धडा संपेपर्यंत हेच चालायचं. भांडी घासताना तोंडात तेच असायचं आणि कपडे वाळत घालतानाही तेच.

साधारण त्याच सुमाराला अक्का माझ्याशी तुटक वागायला लागल्या. आधी मला वाटलं, उन्हाने. मग लक्षात आलं की शेजारच्या शोभाकाकीशी नीट बोलतात, संजयशी नीट बोलतात, आणि मी समोर आले की पदर सावरून उठतात. चहा दिला तर कप पाटाशेजारी थंड होऊन जाई. घरात तेव्हा एक जखम ताजी होती. दिवाळीनंतर माझे धाकटे दीर आणि जाऊ वेगळे निघाले होते. भांडण असं नाही, पण वाटणी झाली, मागच्या अंगणात दुसरी चूल पेटली, आणि अक्का कित्येक दिवस अर्धी भाकरी खाऊन उठायच्या. मला वाटलं, तेच मनात असेल. मी गप्प राहिले आणि घोकत राहिले.

एके दिवशी दुपारी त्यांनी माझ्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तुले बी आलग निंघनं शे का?" त्यांनी विचारलं. "मना तोंडवर सांग. दार लाईसन बोलू नको."

मला काही कळेना. मी म्हटलं, "कोण म्हणतं असं?"

"तूच म्हनस. बठ्ठा दिन मना-मना, मना-मना. भांडा घासतस तरी मना, कपडा वाये टाकतस तरी मना. काय तुनं शे आठे अन् काय मनं शे? आते लगून बठ्ठं आपलं व्हतं."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहिराणीत 'मना' म्हणजे माझा, 'मनी' म्हणजे माझी. मी महिनाभर या घरात फिरत 'मनाचा, मनाचे, मनाला' असं जपत होते, आणि भिंतीपलीकडून अक्कांना फक्त पहिला शब्द ऐकू येत होता. माझा, माझा, माझा. एक सून नुकतीच वेगळी निघालेली, आणि दुसरी आतल्या खोलीत दार लावून आपला हिस्सा घोकते आहे.

मला हसू आवरेना. त्यामुळे त्या आणखी चिडल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना पलंगावर बसवलं. "अक्का, माह्यं-तुह्यं नाही म्हणत मी. मन. मन लागत नाही असं आपण म्हणतो ना, ते मन. या पुस्तकात त्याचाच अभ्यास आहे."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ खात्री करत होत्या.

"ते मन?"

"तेच."

"ते बी शिकाले लागस?"

"लागतं."

"अन् त्याना पेपर रास?"

"असतो."

मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "अन् तू त्यामा नापास व्हयनी?"

पुन्हा हसू फुटलं, पण या वेळी दोघींना. हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि तो पदर बराच वेळ तिथेच राहिला. महिनाभर ही बाई आपलं उरलेलं घर फुटणार म्हणून झुरत होती, आणि मी त्याच घरात बसून चिंतेची लक्षणं पाठ करत होते. भूक मंदावणे, संवाद टाळणे, चिडचिड. सगळी लक्षणं समोर चालत-बोलत होती. मी अक्कांना जवळ घेतलं. सासूला अशी जवळ घ्यायची रीत आमच्याकडे नाही, पण त्या दिवशी घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का दारात बसून माझं घोकणं ऐकायला लागल्या. कुत्रं, घंटा आणि लाळ हा प्रयोग त्यांना फारच आवडला. फक्त त्या कुत्र्याला शेवटी पोटभर खायला घातलं की नाही, हे पुस्तकात का दिलं नाही, म्हणून त्या नाराज झाल्या.

आमच्याकडे एप्रिल म्हणजे बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे दिवस. ज्वारी तीनेक दिवस भिजवायची, उपसून भरडायची, रात्रभर आंबवायची, आणि पहाटे तिचा तिखट-मीठ, लसूण, तीळ घालून घाटा शिजवायचा. मग गल्लीतल्या बाया जमतात आणि ओल्या फडक्यावर तो पातळ थापून खाटांवर वाळत घालतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. थापायला सगळ्यांचे हात चालतात, पण घाटा मात्र ज्या घरचा त्याच घरच्या हाताने घोटायचा. खारट झाला, करपला, तर दोष बाहेरच्या बाईवर जाऊ नये म्हणून ही रीत. मोठ्या भगोण्यात तो घाटा चाटूने, लांब दांड्याच्या लाकडी पळीने, घोटताना खांदे निखळायला येतात. अक्कांचा उजवा खांदा धरलेला, जाऊ वेगळ्या चुलीची झालेली, म्हणजे हात माझाच.

ज्वारी भिजली, भरडून झाली, आंबवायला झाकून ठेवली. गल्लीत सांगून झालं. आणि त्या दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला की वेळापत्रक बदललं आहे. मानसशास्त्राचा पेपर उद्या सकाळी.

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला, जणू वाचल्याने तारीख पुढे जाणार होती. अभ्यासाची भीती नव्हती. अभ्यास माझा असा झाला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. भीती त्या झाकलेल्या पातेल्याची होती. आंबलेली ज्वारी एक दिवस जास्त थांबत नाही, फेकावी लागते. वर्षाच्या बिबड्या गेल्या तर गल्लीत ते सगळ्यांना दिसतं, आणि अक्कांच्या बिबड्यांचं तर धरणगावात नाव.

मी अक्कांना जाऊन सांगितलं.

"पुढला सालले देता येस नही का?" त्यांनी विचारलं.

"नाही अक्का. उद्या नाही दिला तर संपलं. आपलं ठरलंय ना."

पातेल्यावरचं फडकं त्यांनी उगाच काढलं आणि पुन्हा घातलं. मी आत जाऊन पुस्तक उघडलं, पण एक ओळ पुढे सरकेना. मला त्या वेळी खूप राग आला. अक्कांचा नाही, वेळापत्रकाचाही नाही; एवढ्या मोठ्या घरात घोटायला एकच हात असावा, याचा.

पहाटे उठून मी पेपरची साडी नेसले आणि तरीही चुलीपाशी गेले. गाडीच्या वेळेपर्यंत जमेल तेवढं घोटून जावं, असा विचार होता. कपाशीच्या पऱ्हाट्या आधीच पेटलेल्या होत्या, पाणी उकळत होतं. मी चाटू उचलला. अक्कांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"साडीले डाग पडी. ज्योती, तू जाय."

"मग घाटा?"

ओसरीकडे तोंड करून, रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "संज्या, ऊठ."

संजय डोळे चोळत आला. अक्कांनी त्याच्या हातात चाटू दिला. तो चाटूकडे पाहत राहिला, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. तोवर शोभाकाकी आणि आणखी चार-पाच बाया पाट-फडकी घेऊन अंगणात आल्या होत्या आणि जागीच थबकल्या होत्या. बिबड्यांच्या चुलीपाशी गडीमाणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"अक्का, सून कोठे चालनी?" शोभाकाकीने विचारलं.

"तिना पेपर शे."

"अन् घाटा हाऊ घोटी?"

"घरनाच हात शे ना," अक्का म्हणाल्या. "मंग. बसा."

बाया बसल्या. मी निघाले. कोपऱ्यावर वळताना मागून हसण्याचा मोठा आवाज आला आणि त्यात अक्कांची सूचना ऐकू आली, तळातून फिरव, तळातून.

गाडीत मी पुस्तक उघडलंच नाही. खिडकीतून नांगरलेली काळी शेतं मागे पळत होती आणि माझ्या केसांना लसूण-मिरचीचा वास येत होता. परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हातात आली. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा. मी पेनाचं टोपण काढलं आणि उदाहरणात आमचं अंगण, खराटा आणि सासूबाई लिहून टाकल्या. पुढचे प्रश्नही तसेच लिहिले. पुस्तकातली व्याख्या आधी, मग आमचं घर. पुरवण्या लागल्या. पर्यवेक्षक बाई दोनदा माझ्यापाशी येऊन वाकून बघून गेल्या. मला तेव्हाच माहीत होतं की हा पेपर निघाला. निकालाला फक्त ते छापायचं होतं, आणि पुढे त्याने ते छापलं.

अजूनही एप्रिलात कुठे घाट्याचा वास आला की माझ्या छातीत धडधड सुरू होते. मुलींना अभिजात अभिसंधान, म्हणजे तेच कुत्रं आणि घंटा, शिकवताना मी हेच उदाहरण देते. रूपालीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, पण पेपर तर चांगला गेला होता ना? मग धडधड कशाला?" प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, छातीला निकाल कळत नाही, तिला फक्त ती सकाळ आठवते. तिने ते लिहून घेतलं. परीक्षेत तसंच लिहू नकोस, असं मला सांगावं लागलं.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा ऊन रणरणत होतं. अंगणातल्या सगळ्या खाटा बिबड्यांनी भरलेल्या होत्या. संजय ओसरीवर तळहात ओल्या फडक्यात गुंडाळून पडला होता आणि माझ्याशी बोलायला तयार नव्हता. अक्का पायरीवर बसून कावळे हाकत होत्या.

"लिखं का?" त्यांनी विचारलं.

"लिखं."

"बठ्ठं?"

"बठ्ठं," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

बिबड्या वाळल्यावर खरं काय ते दिसलं. जागोजागी गाठी होत्या. तळातून फिरव म्हणून एवढं सांगूनही चाटू वरवरच फिरला होता. कुठे टणक गोळा, कुठे भाजल्यावर दाताखाली कच्चं पीठ. बायांनी थापताना काही म्हटलं नाही, पण गल्लीत बातमी गेली असणारच. वर्षभर पुरतील एवढ्या बिबड्या, आणि एकही धड नाही. मला वाटलं, अक्का त्या डब्यात तळाशी ठेवतील आणि पाहुण्यांसाठी शेजारून मागून आणतील. पण पावसाळ्यात धाकट्या जावेची आई आली, तेव्हा अक्कांनी आमच्याच डब्यातल्या काढल्या, निखाऱ्यावर भाजल्या, तेल लावून कांद्याबरोबर पुढे ठेवल्या. बाईंनी एक घास घेतला, मग बिबडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"अक्का, तुमन्या बिबड्यास्ले गाठी?"

मी आतून उठले. काय सांगायचं ते जुळवत दारापर्यंत पोचले.

"त्या दिन ज्योतीना पेपर व्हता," अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक बिबडी ठेवली.